डब्याखालचं पत्र

नाशिकरोड, बुधवार

चि. माई,
अनेक आशीर्वाद.

आई उद्या तुझ्याकडे येते आहे. डब्यात नागपंचमीचे दिंड आहेत. गार झाले तर पुन्हा वाफवून घे, मायक्रोवेव्हमध्ये घालू नकोस, चिवट होतात. डब्याखाली हे पत्र. नाशिकरोडहून गंगापूर रोडला पत्र पाठवतोय म्हणून हसशील. हस. फोनवर माझा आवाज चढतो, तू गप्प होतेस, तू गप्प झालीस की माझा आणखी चढतो. कागदावर निदान खोडता तरी येतं.

रविवारचं चुकलंच माझं. जिन्यात खालच्या काकूंनी चिऊला ‘कितवीत गं तू?’ असं विचारलं. शाळेत जात नाही, घरीच शिकते, असं ती सरळ सांगणार होती, तोंड उघडलंच होतं तिने. तेवढ्यात मीच म्हणालो, ‘तिसरीत आहे.’ वर एका शाळेचं नावही ठोकून दिलं. जेवताना तिने सगळ्यांसमोर विचारलं, ‘आजोबा, मी तिसरीत आहे का?’ तुझ्या हातातला भाताचा डाव तसाच राहिला. नंतर तू जे बोललीस त्यातलं निम्मं बरोबर होतं. निम्मं कोणतं ते लिहीत नाही, तुझी आई हे पत्र वाचल्याशिवाय डबा बांधणार नाही.

शाळेचा विषय काढायचा नाही असं ठरवून बसलोय. दुसरंच सांगतो.

मागच्या आठवड्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं तेव्हा चिऊला घेऊन गोदाघाटावर गेलो होतो ना, त्या दिवशीचं. लांबूनच बघितलं, काळजी नको. पाणी दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्यांच्या वर आणि कमरेच्या खाली होतं. तिने पिशवीतून वही काढली, तारीख घातली, मारुती काढला आणि पाण्याची रेघ मारली. मागची पानं चाळली तर जुलैपासूनचे मारुती, प्रत्येकाला वेगळ्या उंचीवर रेघ. मी म्हणालो, 2019 च्या ऑगस्टमध्ये याच्या डोक्यावरून पाणी गेलं होतं. तर म्हणते, ‘किती क्युसेक सोडलं होतं तेव्हा?’ आता काय सांगू! तीस वर्षं शाळेच्या ऑफिसात बसलो, दर पावसाळ्यात पेपरात क्युसेक वाचतो, पण तो म्हणजे नक्की किती हे कधी मनातही आलं नाही. तिनेच सांगितलं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण 28 लिटर, आपल्या बाथरूमच्या दोन बादल्या. जावईबापूंनी घड्याळ लावून एका सेकंदात दोन बादल्या ओतायला लावल्या आणि पाणी हॉलपर्यंत आलं, हेही सांगितलं. ते तू आम्हाला सांगितलं नव्हतंस.

परतीच्या रिक्षात मी मनातल्या मनात तिला ‘प्रगती : उत्तम’ असा शेरा देऊन टाकला. आणि लगेच वाटलं, हा शेरा लिहायचा कुठे?

आलाच बघ विषय.

माई, माझी भीती शिकण्याबद्दल नाही. तू शिकवतेस ते मी बघतो. माझी भीती कागदाची आहे. मी जन्मभर जनरल रजिस्टर लिहिलं. नंबर, पूर्ण नाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, पूर्वीची शाळा, वर्तणूक, शाळा सोडल्याचं कारण. माणसं पन्नाशीत परत यायची, केस पिकलेले, आणि म्हणायची, ‘भाऊसाहेब, एक दाखला पाहिजे.’ जातीच्या दाखल्याला, पासपोर्टला, कुणाला शेताच्या वाटणीत वय दाखवायला. मी कपाटातून जुनं रजिस्टर काढायचो, बोट फिरवत जायचो आणि नाव सापडायचंच. शाळा सोडल्याचा दाखला मिळायला आधी शाळेत जावं लागतं, एवढंच माझं म्हणणं आहे. उद्या आपली चिऊ कुणाच्या खिडकीपुढे उभी राहिली तर कोण बोट फिरवणार?

कायदा मला माहीत आहे, तू समजावायची गरज नव्हती. सहा ते चौदा वयाच्या मुलांचा शिक्षणाचा हक्क, 1 एप्रिल 2010 पासून लागू. पालकाने मुलाला शाळेत घालणं हे कर्तव्य म्हणून लिहिलंय, न घातल्यास शिक्षा लिहिलेली नाही. वयानुरूप प्रवेशही आहे. वीटभट्टीवरच्या एका पोराला नऊ वर्षांचा म्हणून मीच थेट चौथीत नोंदवलं होतं, दाखला नाही म्हणून अडवता येत नाही. म्हणजे तुला कधीही वाटलं तरी दार बंद नाही. एनआयओएसच्या, म्हणजे केंद्राच्या मुक्त शाळेच्या, तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीच्या परीक्षा आहेत, दहावीला चौदा वर्षं पूर्ण लागतात. आपल्या राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ आहे, पाचवीला दहा वर्षं पूर्ण. हे सगळं मी डायरीत उतरवून घेतलंय. रात्री झोप लागली नाही की ते पान काढून वाचतो. वाचून होतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

आणि छोटूचं. पाच पूर्ण झाली त्याला, अजून ‘ग’ म्हटलं की गाडी धावते त्याची, अक्षर येत नाही. शेजारचा त्याच्याच वयाचा मुलगा धडाधडा वाचतो. तू म्हणतेस होईल, त्याच्या वेळेने होईल. पण वेळापत्रक काही असावं की नाही? साडेनऊला उठायचं, मग डोशाचं पीठ मोजायचं, ते गणित, मग मांजराच्या मागे धावायचं, तो परिसर अभ्यास! मुलांना शिस्त लागते ती घंटेने. मी सांगतो, सकाळी आठ म्हणजे आठ. हातपाय धुऊन, वही घेऊन

बघ, परत सुरू झालो. हे खोडत नाही, असू दे, म्हणजे तुला कळेल की रविवारी किती आवरलं होतं. माफ कर. दादाच्या वेळी घंटा, वेळापत्रक, छडी सगळं होतं, आणि त्याचं काय झालं ते आपण दोघंही बोलत नाही.

तू पहिलीत होतीस तेव्हाचं एक सांगायचं राहून गेलंय. वर्गाचं दार माझ्या ऑफिसच्या खिडकीला लागूनच होतं. पहिला पूर्ण आठवडा तू रडलीस. हुंदके नाही, बारीक आवाजात, मांजराच्या पिल्लासारखं. मला सगळं ऐकू यायचं. मी उठलो नाही. ऑफिसातल्या माणसाच्या मुलीला वेगळा न्याय दिला असं कुणी म्हणू नये म्हणून. रजिस्टर उघडून बसायचो आणि नावं लिहायचो. त्या आठवड्यातली पानं माझ्या हाताची सगळ्यात सुंदर पानं आहेत, एक खाडाखोड नाही. आई म्हणते तू ते विसरली नाहीस. मीही नाही.

तर तुला वाटेल, अप्पांना रजिस्टर म्हणजे देव. तसंही नाही. माझी जन्मतारीख 1 जून, ती गुरुजींनी घातलेली. सिन्नरकडच्या आमच्या गावात माझ्या वर्गातली अर्धी पोरं 1 जूनलाच जन्मली. आजी म्हणायची, ‘तू झालास तेव्हा बाजरी कापत होतो.’ 1 जूनला कुठली बाजरी! पण त्याच तारखेवर नोकरी लागली, त्याच तारखेमुळे 31 मेला निवृत्त झालो, पेन्शन त्याच तारखेवर मिळते. खोटी असो, लिहिलेली आहे. खरी पण न लिहिलेली तारीख घेऊन मी काय केलं असतं?

रविवारी तू म्हणालीस, ‘तुम्हाला बी.ए. कुठल्या वर्गात बसून मिळालं अप्पा?’ त्याला मी उत्तर दिलं नाही, कारण नव्हतं. बारावी नव्हती म्हणून मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारीचा अभ्यासक्रम केला, मग रविवारी अभ्यासकेंद्र आणि रोज रात्री स्वयंपाकघरात पुस्तक. तू पाटावर बसून मला प्रश्न विचारायचीस, उत्तर चुकलं की लाटण्याने पोळपाटावर ठोकायचीस. निकाल आला तेव्हा पेढे मी वाटले, पण मिरवलीस तू. तेही घरीच शिकणं होतं, हे मान्य. फक्त शेवटी हातात कागद आला, एवढं माझंही मान्य कर.

पांडवलेणीला गेलो होतो तेव्हा चिऊ तीन नंबरच्या लेण्यात त्या ब्राह्मी लिपीतल्या लेखासमोर मान वर करून किती वेळ उभी होती, आठवतं? तुझ्याकडून ऐकलं तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही. गौतमी बलश्रीने आपल्या मुलाचं, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचं, एवढं वर्णन दगडात कोरून घेतलं, तो गेल्यावर, नातवाच्या राज्यात. स्वतःला महाराजांची आई आणि महाराजांची आजी म्हणवते. चिऊने त्यातला अधिकच्या चिन्हासारखा ‘क’ शोधला आणि दिवसभर भिंतींवर, वाळूवर, माझ्या तळहातावर ‘क’ काढत बसली. मी सहसा हात असा धरू देत नाही कुणाला.

तू दमली आहेस. ते मी बोललो नाही, पण दिसतं. डोळ्यांखाली काळं आलंय, आणि रविवारी तू जेवलीच नाहीस, सगळ्यांचं वाढून झाल्यावर मोबाइलवर मुलांच्या मराठीचं काहीतरी शोधत बसलीस. नोकरी सोडलीस तेव्हा मी काही म्हणालो नाही, म्हणजे म्हणालो, पण कमी. दर गुरुवारी मी येत जाईन, दहा ते एक. मुलांना घेऊन बसेन, तू झोप. शिकवणार नाही, शपथ. छोटूला रजिस्टरच्या रेघा आखायला फार आवडतात, तेवढं करू आम्ही.

खालच्या काकूंना काल सांगितलं, चिऊ घरीच शिकते. त्या म्हणाल्या, ‘अगंबाई, मग दाखल्याचं काय?’ मी म्हणालो, बघू. आणि मला त्यांचा फार राग आला.

तुझे,
अप्पा

ता. क. चिऊच्या महापालिकेच्या जन्मदाखल्याच्या तीन झेरॉक्स पाकिटात आहेत. मूळ प्रत तुझ्याकडे आहे ती लॅमिनेट करू नकोस, काही ठिकाणी घेत नाहीत. आणि आधारवर तिचं नाव एकदा नीट बघून घे, जावईबापूंच्या नावात इंग्रजीत एक ‘ए’ जास्त पडलाय.