आई, कोट घेतला

ल्यों, फ्रान्स, 18 जानेवारी

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. खोकला गेला, खोलीतला हीटर नीट चालतो. रोजचं फोनवर कळतंच, ते परत लिहीत नाही. पत्राला बसले ते आईच्या एका वाक्यामुळे. रविवारी तू म्हणालीस, "दुकानात तुला नीट वागवत नाहीत ते त्या जुन्या जर्किनमुळे. जरा बरे कपडे घाल, गळ्यात काहीतरी घाल." मी तोडून बोलले आणि विषय बदलला. फोन ठेवल्यावर वाईट वाटलं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी हे सांगते, की मला कुणी अपमान करून हाकललेलं नाही. नोव्हेंबरात झालं ते एवढंच. हातमोजे घ्यायला एका दुकानात शिरले. विक्रेती स्वेटरच्या घड्या घालत होती. मी सरळ जवळ जाऊन विचारलं, "हातमोजे कुठे आहेत?" वाक्य रस्ताभर पाठ केलं होतं, व्याकरणही बरोबर होतं. तिने एक बाही दुमडली, दुसरी दुमडली, स्वेटर गठ्ठ्यावर ठेवला आणि मग वर बघून म्हणाली, "बोंजूर, मादाम." आणि गप्प. मी पुन्हा हातमोजे विचारले. ती पुन्हा "बोंजूर" म्हणाली, या वेळी सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं. मी काही न घेता बाहेर पडले. ट्राममध्ये डोळे भरून आले. मनाने धरलंच, की हिने जर्किन बघून हे केलं.

तसं नव्हतं. हे तुम्हाला नीट समजावं म्हणून जरा पाल्हाळ लावते. इथे दुकानात पाऊल टाकलं की पहिला शब्द बोंजूर, म्हणजे नमस्कार. काही विचारायच्या आधी, कुठल्याही वस्तूला हात लावायच्या आधी. बाई असेल तर बोंजूर मादाम, पुरुष असेल तर बोंजूर मस्यू, आणि संध्याकाळ झाली की बोंसुआर. तोंडातल्या तोंडात पुटपुटून चालत नाही, समोरच्याला ऐकू जायला हवं. निघताना, काही घेतलं नसलं तरी, मेर्सी आणि ओरव्वार, म्हणजे आभार आणि निरोप. बसच्या ड्रायव्हरला म्हणतात, दवाखान्यात वाट बघत बसलेल्या अनोळखी माणसांनाही म्हणतात. दुकान म्हणजे दुकानदाराची जागा आणि आपण तिथे आलेले पाहुणे, असा हिशोब. मी न बोलता शिरले आणि थेट मागणी केली, म्हणजे कुणाच्या घरात घुसून "पाणी द्या" म्हटल्यासारखं. तिच्या लेखी उद्धट मी होते. हे मला माझ्या वर्गातल्या मैत्रिणीने सांगितलं, तोपर्यंत तीन आठवडे मी त्या बाईवर मनातून राग धरून होते.

पण आई, तुझं सगळंच चूक आहे असं मला म्हणवत नाही.

मोठ्या दुकानांच्या दारात सुरक्षारक्षक असतो. तो बॅग उघडायला सांगतो आणि आत नजर टाकतो. हात घालायचा तर आपली परवानगी लागते, तेव्हा काळजी नको. माझी तीच पाठीवरची बॅग, निघायच्या आदल्या रात्री तू काळ्या दोऱ्याने खांद्याचा बंद शिवून दिलेली. ती मला दर वेळी उघडावी लागते. माझ्या पुढच्या बायका हातात छोटी चामड्याची पर्स घेऊन सरळ आत जातात. मला वाटायचं, माझी बॅग मोठी म्हणून. मग एकदा माझ्या अल्जेरियन मैत्रिणीबरोबर गेले. तिच्याकडे तशीच छोटी पर्स, अंगात माझ्यापेक्षा कितीतरी चांगले कपडे. तिलाही थांबवलं. तेव्हा गळ्यात काही घालून भागेल असं नाही, आई. काही वेळा लोक वस्तू बघतात, काही वेळा नुसता चेहरा.

बाबा विचारतील, कायदा काय म्हणतो. कायदा कडक आहे. इथल्या दंडसंहितेच्या कलम 225-1 मध्ये भेदभावाची कारणं दिली आहेत. वंश, आडनाव, वय यांच्याबरोबर 2001 पासून शारीरिक रूपही त्यात आहे. 2016 मध्ये आर्थिक स्थितीमुळे दुबळ्या असलेल्या माणसाशी केलेला भेदभावही त्यात आला. अशा कारणावरून वस्तू द्यायला नकार दिला तर 3 वर्षांपर्यंत कैद आणि 45,000 युरोपर्यंत दंड, आणि ती जागा सगळ्यांसाठी खुली असेल तर 5 वर्षं आणि 75,000 युरो. पण मला कुणी नकार दिलेलाच नाही. एखादी बाई माझ्या हातांकडे जरा जास्त वेळ बघत राहिली, याची तक्रार काय नोंदवणार? वस्तूंच्या भावाचं म्हणाल तर तो मात्र सगळ्यांना सारखा, चिठ्ठीवर छापलेला. पूर्वी इथेही गिऱ्हाईक बघून भाव सांगत. पॅरिसच्या ल बों मार्शे दुकानात 1852 पासून अरिस्तिद बुसिको यांनी ठरलेला भाव आणि घ्या न घ्या, आत येऊन बघायची मोकळीक, ही रीत रुजवली. फ्रेंचच्या तासाला हे वाचलं तेव्हा बाबांची आठवण झाली.

धाकट्याला सांगा, मार्केटिंगच्या पेपरला उपयोगी पडेल: 2014 मध्ये छापलेल्या एका अभ्यासात मिलानच्या उंची दुकानांतल्या विक्रेत्यांना व्यायामाच्या कपड्यांतली बाई फरकोट घातलेल्या बाईपेक्षा जास्त प्रतिष्ठित वाटली. रस्त्यावरच्या सामान्य लोकांचं मत नेमकं उलटं पडलं. म्हणजे जो रोज पैसेवाले बघतो त्याची नजर वेगळी.

आता जे सांगायला इतका वेळ लावला ते. मी कोट घेतला आहे. सहसा जानेवारीच्या दुसऱ्या बुधवारी इथे हिवाळी सेल सुरू होतो, जुनी किंमत खोडून नवी लिहितात. 280 चा कोट 140 युरोला मिळाला. गडद निळा, लोकरीचा, गुडघ्यापर्यंत. एदुआर एरिओ रस्त्यावरच्या एका दुकानात मी आधी जर्किनमध्ये गेले होते, बोंजूर नीट म्हणून. उत्तर मिळालं, पण बाई काउंटरवरून हलली नाही. कोट घालून गेले तर तीच बाई पुढे आली, खुर्ची दिली, "काय दाखवू?" म्हणाली. मी काहीच न घेता उठले. बाहेर आल्यावर आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही.

हे 140 युरो या महिन्याच्या पैशातले आहेत. बाबा, कर्जाचा हप्ता चुकणार नाही, पण तुमच्या खात्यावर नेहमीपेक्षा कमी येतील. फेब्रुवारीत भरून काढते, दोन शनिवार जास्तीचं काम मिळालं आहे. परदेशी विद्यार्थ्यांना कामासाठी वर्षाला 964 तासांची मर्यादा असते, मी तिच्या आत आहे, तेव्हा रागावू नका. ताईच्या साखरपुड्याला मला येता येणार नाही. परीक्षा त्याच आठवड्यात आहे आणि खरं सांगायचं तर तिकिटाचे पैसेही नाहीत. कोटाच्या पैशात काही तिकीट येत नाही, तरी तो अंगात घालताना तेच मनात येतं. ताईला मी स्वतः सांगेन, तुम्ही आधी बोलू नका.

त्या स्थळाकडच्यांनी माझा फोटो मागितला आहे आणि इथे घर कसं, पगार किती मिळेल, तेही विचारलंय. पगाराचं आत्ता काय सांगणार? शिक्षण चालू आहे एवढंच सांगा. फोटो सोबत आहे, जर्किनमधला. आई, चिडू नकोस. कोटातला काढला होता, पण हाच पाठवावासा वाटला. त्यांना चालला तर पुढे बोलू.

बॅगेचा बंद अजून टिकून आहे.

तुमची,
शुभा

ता. क. हातमोजे मिळाले. त्याच बाईकडून घेतले, जर्किन घालूनच.