दुसरं एक्स म्हणजे स्टेपनी नव्हे

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत आनुवंशिक आजारांवर लेख आला होता. लेख बरा होता, पण मधेच एक वाक्य असं होतं की बायकांकडे दोन एक्स गुणसूत्रं असतात, एक बिघडलं तर दुसरं स्टेपनीसारखं कामाला येतं, म्हणून हिमोफिलिया, म्हणजे रक्त लवकर न गोठण्याचा आजार, मुलींना होतच नाही. मी डॉक्टर नाही, मिरजेला 31 वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होतो, पण या एका वाक्यापायी आमच्या घरात काय झालंय ते मला माहितीय म्हणून लिहायला बसलो.

दुसरं एक्स डिकीत पडून नसतं हो. बाईच्या प्रत्येक पेशीत दोनातलं एक एक्स चालू आणि दुसरं बंद असतं, आणि कुठलं बंद करायचं, आईकडून आलेलं की बापाकडून आलेलं, हे गर्भ अगदी इवलासा असताना, म्हणजे दिवस गेलेत हे आईलाही अजून कळलेलं नसतं तेव्हाच, पेशी आपापलं ठरवून टाकतात, निव्वळ लॉटरी. एकदा ठरलं की त्या पेशीच्या लेकी, नाती, पणत्या सगळ्या तेच चालवतात. एक्सवर 800 च्या वर जीन्स आहेत, पुरुषाच्या वाय गुणसूत्रावर अगदी थोडे, पुरुषाचं एकावर भागतं, मग बाईत दुप्पट माल तयार होऊन कसं चालेल, त्यासाठी हा सगळा खटाटोप.

बंद होतं कसं तेही गंमतशीर आहे. एक्सवरच एक्सिस्ट नावाचा जीन असतो, 1991 ला सापडला. त्यातून प्रोटीन बनतच नाही, नुसता आरएनएचा लांबलचक धागा निघतो आणि ज्या एक्सवरून निघाला त्यालाच गुंडाळत सुटतो, शेजारच्या एक्सला हातही लावत नाही. मग बाकीची प्रोटीन्स येऊन ते सगळं आवळून टाकतात आणि त्याचं गाठोडं होतं. हे गाठोडं 1949 मध्ये कॅनडात मरे बार आणि त्यांचा विद्यार्थी बर्ट्रम यांना मांजराच्या मज्जातंतूंच्या पेशीत दिसलं, म्हणून बार बॉडी म्हणतात. मी स्वतः कितीतरी वेळा पाहिलंय. लिशमन स्टेनने रंगवलेल्या रक्ताच्या स्लाइडवर तेलाचा थेंब टाकून बघितलं की बायकांच्या न्यूट्रोफिलमध्ये (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार), शंभरात दोन-तीन पेशींत, केंद्रकाला बारीक मानेचा एक टपोरा ठिपका लटकलेला दिसतो, त्याला ड्रमस्टिक म्हणतात. एका नवीन पोराने मला विचारलं होतं, सर, शेवग्याची शेंग कुठाय यात. ढोल बडवायची काठी रे बाबा!

पुढे 1961 ला इंग्लंडमध्ये मेरी लायन बाईंनी उंदरांच्या ठिपक्याठिपक्यांच्या कातडीवरून हे कोडं जुळवलं. उंदीर कशाला, आपल्या गल्लीतली तिरंगी मांजर बघा. नारिंगी रंगाचा जीन तिच्या एक्सवर असतो, जिथे नारिंगीवालं एक्स चालू तिथे नारिंगी डाग, जिथे दुसरं चालू तिथे काळा. पांढरं मात्र वेगळ्याच जीनमुळे, त्याचा यात संबंध नाही. म्हणून तिरंगी दिसली की भाटीच समजायची, बोका हजारोंत एखादा, आणि तोही बहुतेक एक्स-एक्स-वाय, म्हणजे एक एक्स जास्तीचं असलेला, असतो.

आता घरचं सांगतो. आमचे मामा हिमोफिलियाचे पेशंट, आणि या आजाराचा बिघाड एक्सवरच असतो. पुरुषाकडे एकच एक्स, तेच मुलीला जातं. म्हणजे त्यांच्या मुलीकडे, माझ्या मामेबहिणीकडे, एक बिघडलेलं एक्स येणारच, त्यात लॉटरी नाही. (माझ्या आईचं कोणी कधी तपासलंच नाही, मला झाला नाही एवढं नशीब.) ताईला पाळी आली की आठ-आठ दिवस अंगावरून जायचं. दाखवलं तर उत्तर ठरलेलं, तुम्ही नुसत्या कॅरियर, म्हणजे बिघडलेला जीन पुढे नेणाऱ्या, तुम्हाला काही होत नसतं. दाढ काढली तेव्हा दोन दिवस रक्त थांबेना, टॉवेल भिजले, शेवटी मी अडूनच बसलो आणि फॅक्टर 8 ची, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या प्रोटीनची, लेव्हल करून घेतली, 27 टक्के आली. नॉर्मल 50 ते 150. चाळीसच्या खाली असली की आता बायकांनाही सरळ माइल्ड हिमोफिलियाच म्हणतात, कॅरियर नव्हे. आणि त्याआधी दोनदा केलेली एपीटीटी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती टेस्ट, नॉर्मल! एवढी सौम्य कमतरता त्या टेस्टमध्ये निसटू शकते, पण कागदावर नॉर्मल आलं की विषय संपतो.

हे असं का होतं तर फॅक्टर 8 लिव्हरमधल्या पेशी बनवतात, आणि ताईच्या लॉटरीत चांगलं एक्स बंद पडलेल्या पेशीच जास्त निघाल्या असणार. सरासरीने अर्ध्या-अर्ध्या वाटणी होते हे खरं, पण कोणाची 70-30 होते, कोणाची 80-20. दोन सख्ख्या बहिणी, तेच वडील, तोच जीन, एकीला काही नाही आणि दुसरीचं रक्त थांबत नाही.

परवा ताईचाच फोन आला, म्हणाली, बघ रे, पेपरातसुद्धा छापून आलं की मला काही झालेलं नाही.

तेव्हा विनंती एवढीच की येत्या रविवारी त्याच पानावर, कोपऱ्यात का होईना, दुरुस्ती छापा. मुलींना होतच नाही असं नाही, कमी होतो आणि बहुतेक वेळा सौम्य असतो. वडिलांना हिमोफिलिया असेल तर मुलीची फॅक्टर लेव्हल एकदा तरी करून घ्या, दाढ काढायच्या किंवा ऑपरेशनच्या आधी, आणि जमलं तर दिवस जाण्याआधी, कारण गरोदरपणात फॅक्टर 8 आपोआप वाढतो आणि तेव्हाचा आकडा बघून फसायला होतं.

आपला,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन, मिरज