तुम्ही माझ्याकडे पाठ केलीत, त्याबद्दल

ताई,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण पत्र मात्र सगळ्यांसमोरच लिहायचं होतं, कारण मला नको ते ऐकवणाऱ्यांनीही सगळ्यांसमोरच ऐकवलं होतं.

माझं आत्मचित्र काल पूर्ण झालं. कोपऱ्यात सही केली आणि हात थरथरायला लागला. चौदा महिन्यांपूर्वी हाच हात दारू मिळाली नाही की थरथरायचा. कालची थरथर निराळी होती. ती थांबेपर्यंत बसून राहिलो आणि सगळ्यात आधी तुमची आठवण आली.

दारू सुटल्यावर पहिलं चित्र स्वतःचंच काढायचं ठरवलं होतं. समोर माझा चेहरा आणि कोपऱ्यात पडलेली सापाची कात. 'त्याने कात टाकली' असं आपण किती सहज म्हणतो! टाकणाऱ्याचं त्या वेळी नेमकं काय होतं, ते मला बघायचं होतं. तेव्हा मी ज्या क्लासला जायचो तिथल्या सरांना हे पटलं नाही. "साप कशाला? फुलपाखरू काढ, लोकांना लगेच कळतं." इथवर ठीक होतं, मत प्रत्येकाला असतं. पण त्यांनी माझ्या हातातला ब्रश घेतला आणि मी रंगवलेल्या डोळ्यांखालच्या पिशव्या दोन फटकाऱ्यांत बुजवून टाकल्या. न विचारता. "बघ, दहा वर्षांनी तरुण झालास." सगळा वर्ग हसला. मला तरुण व्हायचंच नव्हतं. मला जसा आहे तसा दिसायचं होतं. घरी एक जुना मित्र म्हणाला, झालं गेलं विसर, ते भिंतीवर कशाला टांगतोस? मग मी कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवून दिला. कितीतरी महिने तो तसाच होता.

आपण ज्या सामायिक स्टुडिओत काम करतो तिथे तुमचा ईझल, चित्र ठेवायची घोडी, माझ्या शेजारी आला, म्हणून पुढचं सगळं घडलं. "बघू का?" असं तुम्ही विचारलंत. विचारलंत, हे मी विसरलेलो नाही. कॅनव्हास वळवलात, बराच वेळ पाहिलात आणि एवढंच म्हणालात, "हा फोटोवरून काढलायस." मी कबूल केलं. आरशासमोर मिनिटभरही उभं राहवत नाही, हेही सांगून टाकलं. तोवर ते कुणाला सांगितलं नव्हतं.

तुम्ही समजूत घातली नाहीत. तुमचा आरसा आणलात. त्यावर जुन्या रंगाचे शिंतोडे वाळले होते, ते नखाने खरवडलेत आणि काच स्वतःच्या बाहीने पुसलीत. माझ्या स्टुलावर मला बसवून आरसा माझ्या डोळ्यांच्या उंचीला आणलात. मग खुर्ची उचललीत, खिडकीकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ करून बसलात आणि मांडीवर स्केचबुक घेतलंत. "मी इथेच आहे. बघत नाहीये."

दोन तास, ताई. एकदाही मान वळवली नाहीत. मधे मी रडलो, तेव्हा तुमच्या पेन्सिलीचा आवाज थांबला आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला. त्या आवाजाच्या आधाराने मी स्वतःकडे बघू शकलो. पाठ फिरवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली होती, त्यातल्या काहींवर तर मीच तशी वेळ आणली होती. पण कुणी एकटं वाटू नये म्हणून पाठ करून बसतं, हे मला माहीत नव्हतं.

भुवईवरची खूण, नशेत पडलो तेव्हाची, आरशात चित्रातल्यापेक्षा दुसऱ्याच बाजूला होती. मी गोंधळलो. १८८९ मध्ये व्हॅन गॉगने कानाला पट्टी बांधलेलं आत्मचित्र काढलं, त्यात पट्टी उजव्या कानावर दिसते, जखम डाव्या कानाला होती, कारण तोही आरशातच बघत होता, हे तुम्ही मला पाठमोऱ्यानेच सांगितलंत. मी पॅलेट नाइफने पूर्ण चेहरा खरवडला आणि कच्च्या अंबरच्या, म्हणजे मातकट तपकिरी रंगाच्या, पातळ थरापासून पुन्हा सुरुवात केली. पिशव्या परत आल्या. नंतर तुम्ही पुस्तकात डच चित्रकार रेम्ब्रांटचं १६६९ मधलं, त्रेसष्टाव्या वर्षीचं आत्मचित्र दाखवलंत. त्याच वर्षी तो गेला. नाकाचा गड्डा, गालांची सैल कातडी, काही म्हणजे काही लपवलेलं नाही. सरांचा तो ब्रश माझ्या मनातून उतरला तो तिथे.

आणि डोळा! कात टाकण्याआधी काही दिवस सापाचे डोळे दुधाळ, निळसर होतात, त्याला धड दिसत नाही. डोळ्यावरचं पारदर्शक खवलंही कातीबरोबरच निघतं. कात निघते तीही बहुतेक वेळा उलटी, पायातून मोजा ओढून काढावा तशी. हे वाचलं त्या रात्री झोप लागली नाही. पहिले दोन महिने मला माझं काहीच दिसत नव्हतं, ते आठवलं. पांढऱ्यात किंचित निळा मिसळून, जवळजवळ कोरड्या ब्रशने, एका डोळ्यावर मी तो पडदा ओढला. दुसरा स्वच्छ ठेवला. आधी कोपऱ्यात अडगळीसारखी पडलेली कात आता खांद्यावर आहे, एकेक खवला मोजून रंगवलेला. ती माझीच होती, तिला नीट काढायला हवंच होतं.

मदत करणारी माणसं बहुधा आपल्या हातातलं काम काढून घेतात आणि वर उपकार मानायला लावतात. तुम्ही माझ्या ब्रशला हातसुद्धा लावला नाहीत. दुसऱ्याच्या लाजेला अशी जागा करून देणारी माणसं असतात म्हणून तर कुणी पुन्हा माणसांत येऊ शकतं. मी आलो.

आरसा अजून माझ्याकडेच आहे, त्याच उंचीवर. तैलरंग पुरता वाळायला वेळ लागेल, सहा महिन्यांनी वार्निश लावेन. त्या दिवशी याल ना? खुर्ची चित्राकडे तोंड करून ठेवतो.

तुमचा,
शेजारच्या ईझलवाला