निफाडची थंडी आणि आपली जुनी वॅगनआर

पुणे, २३ नोव्हेंबर

तीर्थरूप आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

बाबा, उन्हाळ्यात सोळा-सतराचा अ‍ॅव्हरेज देणारी गाडी थंडी पडली की तेरावर का येते, पंपावर पेट्रोलमध्ये काही मिसळतात का, असं तुम्ही विचारलं होतं. फोनवर हे अर्धवट राहतं, म्हणून सविस्तर लिहिते. आई, तूही वाच, कारण नाशिकला दवाखान्यात जाताना बऱ्याचदा गाडी तूच चालवतेस.

पेट्रोलवर लगेच संशय घेऊ नका. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा सहा-सातवर येतो तेव्हा आपलं इंजिनही तेवढंच गार असतं. गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, त्यातलं बरंच आतल्या भिंतींनाच चिकटतं. म्हणून गाडीचा कॉम्प्युटर कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवायला फिरणाऱ्या पाण्याचं, तापमान पाहून मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो. सुरू केल्यावर इंजिन जरा मोठ्याने गुरगुरतं ते त्यामुळेच. त्यात ऑइल घट्ट, गिअरबॉक्समधलं तेल घट्ट, टायर कडक. इंजिन ऐंशी अंशांच्या पुढे जाऊन स्थिरावलं की हा जादा खर्च थांबतो, पण थंडीत त्याला आठ-दहा किलोमीटर लागू शकतात. मळा घरापासून तीन किलोमीटरवर. म्हणजे जाताना इंजिन तापत नाही, तासाभराने निघेपर्यंत होतं तेवढंही गार होतं, आणि येताना पुन्हा तेच. अमेरिकेतल्या सरकारी चाचण्यांत उणे सात अंशांना शहरातला अ‍ॅव्हरेज पंचवीस अंशांच्या मानाने सुमारे १५ टक्के घसरतो, आणि पाच-सहा किलोमीटरच्या छोट्या फेऱ्यांत २४ टक्क्यांपर्यंत. आपल्याकडे एवढी थंडी नाही, पण घसरण्याचं कारण तेच आहे.

म्हणून पहिला बदल फेऱ्यांमध्ये करा. मळा, बँक, पिंपळगावची खरेदी ही कामं वेगवेगळ्या वेळी न काढता एका दमात करा, आणि त्यातलं सर्वांत लांबचं काम आधी. एकदा तापलेलं इंजिन पुढच्या छोट्या थांब्यांत फारसं गार होत नाही. एवढ्या एका गोष्टीने जो फरक पडेल, तो पेट्रोलमध्ये टाकायच्या कुठल्याही बाटलीने पडणार नाही. त्या बाटल्या घेऊ नका.

दुसरी गोष्ट तुम्हाला पटायला जड जाईल. गाडी दहा मिनिटं उभी तापवायची पद्धत कार्ब्युरेटरच्या, चोक ओढायच्या गाड्यांची. तेव्हा ती बरोबर होती. या गाडीला इंजेक्शन आहे, पेट्रोल किती फवारायचं ते कॉम्प्युटरच ठरवतो. चावी फिरवून दिवे लागू द्या, दोन सेकंद थांबा म्हणजे पेट्रोलचा पंप दाब धरेल, मग क्लच पूर्ण दाबून सेल्फ मारा. ऑइलचा लाल दिवा विझल्यावर अर्धा मिनिट पुरे, मग निघा. पहिले दोन-तीन किलोमीटर चाळीसच्या आत, अ‍ॅक्सिलरेटर हलका, गिअर वेळेवर बदलत. पण वरच्या गिअरात इंजिन थरथरेल इतक्या कमी वेगानेही ओढू नका. उभं राहून दहा मिनिटांत शे-सव्वाशे मिली पेट्रोल जातं. शिवाय ते जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली ऑइलमध्ये उतरतं आणि ते पातळ करतं. आणि बाबा, शेडचं दार लावलेलं असताना गाडी कधीही सुरू ठेवू नका, थंडी कितीही असो. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, माणसाला कळतही नाही.

आता ज्यावर माझा सगळ्यात जास्त संशय आहे ते. गाडी सेकंडहँड आहे आणि आपल्याकडे जुनी गाडी एकदा गरम झाली की बरेच मिस्त्री थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढूनच टाकतात. उन्हाळ्यात त्याचं काही जाणवत नाही. थंडीत मात्र पाणी पहिल्या क्षणापासून रेडिएटरमधून फिरत राहतं, इंजिन अर्धवट गारच राहतं आणि कॉम्प्युटर सारखं जास्त पेट्रोल सोडत राहतो. ओळखायची रीत सोपी आहे. सकाळी गार इंजिन सुरू करून बोनेट उघडा आणि रेडिएटरला वरून जाणाऱ्या जाड रबरी पाइपवर हात ठेवा, फक्त पंख्यापासून आणि पट्ट्यापासून हात आणि मफलर दूर ठेवा. व्हॉल्व्ह ठीक असेल तर पाइप बराच वेळ गार राहतो आणि मग थोड्याच वेळात चांगला गरम होतो. सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेला तर व्हॉल्व्ह उघडा अडकलाय किंवा नाहीच. दुसरी खूण म्हणजे महामार्गावर वीस मिनिटं चालवूनही हीटरची हवा कोमटच येणं. व्हॉल्व्ह नवीन बसवायला सांगा, सोबत त्याचं पॅकिंगही नवीन. "त्याची गरज नाही" असं मिस्त्री म्हणाला तरी ऐकू नका. गरज आहे.

त्याच वेळी कूलंट बदलून घ्या. बोअरचं पाणी घालू नका, आपल्याकडच्या पाण्यातल्या क्षारांनी रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजतात. तयार मिसळलेलं कूलंट, नाहीतर कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. निफाडला ते गोठणं टाळण्यासाठी नाही, गंज आणि उकळणं टाळण्यासाठी लागतं. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही.

व्हॉल्व्ह ठीक निघाला आणि तरी पेट्रोलचा वास, एक्झॉस्टच्या तोंडाशी काळी काजळी असं दिसलं, तर कूलंटचा सेन्सर आणि ऑक्सिजन सेन्सर स्कॅनर लावून तपासायला सांगा. सेन्सरने इंजिन कायम गार असल्याचं कळवलं की तापल्यावरही पेट्रोल जास्तच सुटतं. तीनही स्पार्क प्लग काढून बघायला सांगा. टोक विटकरी-तपकिरी असेल तर ठीक, कोरडं काळं असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे. एअर फिल्टर मळ्याच्या धुळीमुळे लवकर भरतो. तो झटकून पुन्हा बसवू नका, बदला. ऑइल ५डब्ल्यू-३० घाला, ते थंडीतही पातळ राहतं. "जुन्या गाडीला जाड ऑइल बरं" म्हणून कुणी २०डब्ल्यू-५० सुचवेल, पण सकाळच्या थंडीत ते वर चढायला वेळ लावतं आणि सेल्फवर भार टाकतं.

पेट्रोलबद्दल एक गोष्ट मात्र खरी आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच, म्हणून जुन्या गाडीला त्याचा सहा-सात टक्के फटका बसतो, पण तो बाराही महिने, फक्त थंडीत नाही. थंडीत त्यामुळे गाडी सुरू व्हायलाही जरा जड जाते. इथेनॉल पाणी ओढतं, तेव्हा टाकी तळाला नेऊन आठवडाभर उभी ठेवू नका, अर्ध्यावर आली की भरा. आणि बोनेटखाली कधी पेट्रोलचा ओला डाग किंवा वास आला तर ती रबरी नळी त्याच दिवशी बदला.

टायरकडे तुमचं लक्ष कमी असतं, म्हणून जरा लांबवते. मे महिन्यात चाळीस अंशांना ३३ पीएसआय (हे हवेच्या दाबाचं माप) हवा भरली असेल, तर डिसेंबरच्या पहाटे आठ अंशांना तीच हवा २८ भरते. छिद्र नसतानाही. शिवाय महिन्याला एखाद-दोन पीएसआय आपोआप कमी होते ती वेगळीच. चारही चाकांत एक पीएसआय कमी असेल तर सुमारे ०.२ टक्के पेट्रोल जास्त जातं. एक-दोन पीएसआयला हा आकडा क्षुल्लक, पण आठ-दहा पीएसआय कमी असेल तर दोन टक्के झाले, आणि त्याहून वाईट म्हणजे स्टिअरिंग जड होतं, वळणावर गाडी डुलते, टायरच्या दोन्ही कडा झिजतात. हवा गार टायरवर, म्हणजे सकाळी गाडी दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली नसताना मोजा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर आहे, तोच धरा. पंपावरचा मुलगा सांगतो तो नाही, आणि टायरच्या अंगावर छापलेला कमाल आकडाही नाही. एक गेज घरात ठेवा, पंधरा दिवसांनी एकदा पुरे. स्टेपनीही तपासा.

रबराचं वयही पाहा. टायरवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१८ असेल तर तो २०१८ सालच्या २३ व्या आठवड्यातला. सहा वर्षांवरचा टायर नक्षी शिल्लक असली तरी बदलायचा, कारण कडक झालेलं रबर थंड, ओल्या डांबरावर पकड सोडतं. नक्षीच्या खाचांतल्या छोट्या उंचवट्यांना झीज लागली, म्हणजे १.६ मिलिमीटर उरलं, की कुठलंही वय असो, बदला. नवे दोनच घ्यायचे असतील तर ते मागे लावा. बरेच जण पुढे लावतात, पण ओल्या रस्त्यावर मागचं चाक सटकलं तर गाडी फिरते आणि सावरणं फार अवघड जातं.

बॅटरी उन्हाळ्यात खराब होते आणि थंडीत ते कळतं. तिला तीन-चार वर्षं झाली असतील तर मल्टिमीटरने पाहून घ्या. रात्रभर उभी गाडी सकाळी १२.६ व्होल्ट दाखवते तर उत्तम, १२.२ म्हणजे अर्धी रिकामी. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली जाऊ नये, इंजिन सुरू झाल्यावर १३.८ ते १४.४ यायला हवं. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड असेल तर आधी वजा, मग अधिक काढून कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, पुसा, व्हॅसलिन लावा आणि जोडताना अधिक आधी. सेल्फ एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये पंधरा सेकंद थांबा. तेव्हा दिवे आणि ब्लोअर बंद. पहाटे बोनेट एकदा उघडून बघाच. थंडीत उंदीर इंजिनापाशी ऊब शोधतात आणि वायरी कुरतडतात.

आता जे मला पेट्रोलपेक्षा जास्त काळजीचं वाटतं ते सांगते. लाल कांद्याच्या हंगामात लासलगावच्या मार्केटला पहाटेपासून ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते, उसाच्या जोड ट्रॉल्या असतात, आणि कित्येकांना मागे दिवा सोडा, रेडियमही नसतं. गोदाकाठी धुकं दाट. ताशी ६० च्या वेगात, ओल्या रस्त्यावर, तुमच्या वयाला प्रतिक्रियेसाठी दोन सेकंद धरले तर ब्रेकवर पाय पडेपर्यंतच गाडी ३३ मीटर जाते आणि थांबायला आणखी साधारण ३५. एकूण अडुसष्ट. ताशी ४० ला हेच अंतर ३८ मीटर. तेव्हा पन्नास मीटरपुढचं दिसत नसेल तर चाळीसवर जाणं बरोबर नाही, वेग त्याहूनही कमी ठेवायचा. धुक्यात डिपरच लावा, अप्पर मारलात तर समोर पांढरी भिंत उभी राहते. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही उभे आहात की वळताय ते कळत नाही. दिसेनासं झालं तर डांबराच्या बाहेर, पेट्रोल पंपावर किंवा ढाब्यावर थांबा. सकाळी नऊनंतर निघता येत असेल तर निघाच नऊनंतर.

या गाडीला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, नाही. दवाने भिजलेल्या, शेतातल्या मातीच्या रस्त्यावर ब्रेक दाबून धरला की चाक जाम होतं आणि जाम चाकाने स्टिअरिंग ऐकत नाही. घसरतेय असं वाटलं तर ब्रेक क्षणभर सोडा, स्टिअरिंग जिकडे जायचंय तिकडे धरा, पुन्हा दाबा. चांदवडच्या राहुड घाटात उतरताना गिअरमध्येच उतरा, न्यूट्रल नाही. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला की कॉम्प्युटर पेट्रोल बंदच करतो, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन फिरतं ठेवायला पेट्रोल लागतं, आणि ब्रेक तापतात ते वेगळंच.

आई, काच आतून धुरकटते तेव्हा हाताने पुसू नकोस. एसी चालू कर, हीटर गरमवर, हवा काचेकडे आणि बाहेरची हवा आत येऊ दे. एसी आतली हवा कोरडी करतो, म्हणून थंडीतही तो लागतोच. हीटरला वेगळं पेट्रोल जात नाही, ती इंजिनाची वाया जाणारी ऊब असते; पैसे वाचवायला कुडकुडत जाऊ नका. काच आतून एकदा स्वच्छ पुसून घे, तेलकट थर असला की बाष्प लवकर धरतं. वायपरचे रबर फाटले असतील तर बदलून घे.

रात्री शेडमध्ये सपाट जागी हॅन्डब्रेक ओढून ठेवू नका, दमट हवेत मागच्या ब्रेकचे लायनर चिकटतात. पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. सकाळी मात्र दगड आणि गिअर दोन्ही काढूनच सेल्फ मारा.

अ‍ॅव्हरेज मोजायचा तो असा. एकाच पंपावर पहिल्या कट-ऑफपर्यंत, म्हणजे पंपाची नळी आपोआप बंद होईपर्यंत, टाकी भरा, ट्रिप मीटर शून्य करा, किमान तीनशे किलोमीटर चालवा, त्याच पंपावर पुन्हा पहिल्या कट-ऑफपर्यंत भरा आणि किलोमीटरना लिटरने भागा. टाकीच्या काट्यावरून काढलेला अंदाज धरू नका. व्हॉल्व्ह आणि हवा बघायच्या आधी एकदा, नंतर एकदा, असे दोन आकडे हवेत.

या आठवड्यात टायरवरच्या चार आकड्यांचे आणि बॅटरीवरच्या तारखेच्या कागदाचे फोटो पाठवा. त्यावरून टायर आणि बॅटरी इथून पाहून ठेवते, म्हणजे संक्रांतीला येईन तेव्हा हवं ते घेऊनच येईन.

तुमची लेक