तुझ्या तक्त्याला उत्तर

प्रिय सुहास,

कोणता डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घ्यावा, यासाठी तू केलेला तक्ता मिळाला. सात कॅमेरे, अकरा रकाने, आणि मेगापिक्सेलचा रकाना लाल रंगात! नोकरी बदलतानाही तू एवढा विचार केला नव्हतास.

तो लाल रकाना आधी खोड बघू. १८ मेगापिक्सेलचा फोटो सतरा इंच रुंद छापला तरी स्वच्छ दिसतो, आणि तू आजवर छापलंस काय, तर पासपोर्टचे फोटो. या पातळीवरच्या डीएसएलआरमध्ये सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चकती, एपीएस-सी नावाच्या छोट्या मापाचाच असतो, त्यामुळे चित्राच्या दर्जात तुझ्या सातही कॅमेऱ्यांत एकोणीस-वीसचाच फरक.

तुला मुख्यतः लेकीचे फोटो काढायचेत आणि ती एका जागी ठरत नाही, असं तू लिहिलंयस. मग लेन्सचा रकाना कुठाय? सोबत मिळणारी १८-५५ एमएमची किट लेन्स टाकाऊ नाही (हा आकडा वाढला की दृश्य जवळ येतं). बाहेर उजेडात ती झकास चालते. पण ५५ वर नेलीस की ती एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं). संध्याकाळी घरातल्या दिव्याखाली शटर १/८ सेकंदावर येईल, आणि तेवढ्या वेळात पोर सोफ्यावरून उडी मारून मोकळी होते. तुझ्या हाती लागतो फ्रॉकचा फराटा. त्याच जागी ५० एमएम एफ १.८ लावलीस तर उजेड जवळजवळ दहापट येतो. शटर १/८० वर जातं, आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, थोडा चढवला की उडीसुद्धा हवेत थांबते. माझ्या भाचीचा पापणीन् पापणी दिसणारा जो फोटो तुला आवडतो ना, तो याच लेन्सचा. कॅमेरा तेव्हाही जुनाच होता.

फक्त या छोट्या एपीएस-सी सेन्सरवर ५० ची लेन्स ७५-८० सारखी वागते, म्हणजे दृश्याचा कमी भाग टिपते. लहान खोलीत पाठ भिंतीला टेकते आणि तरी पाय फोटोत मावत नाहीत. तुमची खोली तशीच असेल तर निकॉनची ३५ एफ १.८ बघ. कॅननवर २४ एमएमची चपटी लेन्स आहे, तिचं तोंड एफ २.८ पर्यंतच उघडतं, पण खिशात मावते.

निकॉनचं नाव निघालंच आहे तर एक मेख सांगतो. डी३५०० सारख्या त्यांच्या छोट्या बॉडीत (लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यात) फोकसची मोटर नसते. एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेली लेन्स घेतलीस तर काळजी नाही, मोटर लेन्समध्येच असते. कोणी जुनी एएफ-डी स्वस्तात देऊ केली तर ती बसेल, पण फोकस हातानेच फिरवावा लागेल. कॅननने १९८७ साली ईएफ माउंट (लेन्स बसवायची जोडणी) आणला तेव्हाच मोटर लेन्समध्ये घातली, म्हणून तिकडे हा घोळ नाही. मी कॅननवाला आहे, तेव्हा यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नकोस. बॅटरीत तो डी३५०० भारी आहे, एका चार्जवर दीडेक हजार फोटो.

मीही पहिला कॅमेरा तुझ्यासारखाच कागदावर निवडला होता. हातात आला तेव्हा कळलं, करंगळीला जागाच नाही. ती खाली लोंबकळत राहायची आणि अर्ध्या तासात मनगट भरून यायचं. वर हौसेने लांबचं टिपणारी ७०-३०० ची लेन्सही घेतली, ती दोनदा बाहेर निघाली असेल. म्हणून दुकानात जा, लेन्स लावलेला कॅमेरा डोळ्याला लाव आणि उजव्या हाताने चाक फिरवून बघ. चष्म्यासकट चारही कोपरे दिसतात का तेही बघ.

जुना घेतोस? घे की. कंपन्यांचं सगळं लक्ष आता मिररलेसकडे, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे आहे, त्यामुळे चांगल्या डीएसएलआर हौशी लोकांकडून बाहेर पडताहेत. शटर किती वेळा पडलंय ते विचार. लेन्समधून टॉर्च मारून बघ, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, सरळ परत दे. एफ १६ ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढ. त्यावर चार ठिपके दिसले तर घाबरू नकोस, सेन्सरवरची धूळ निघते.

बॉडी सातांतली सगळ्यात साधी घे आणि उरलेले पैसे लेन्सला ठेव. कॅननची घेतलीस तर माझी ५० महिनाभर वापर. तिचं पुढचं झाकण मात्र मी काढून ठेवूनच देणार आहे, तू ते पहिल्याच दिवशी हरवशील.

तुझा,
विनू