विषय : ‘स्वतः लेव्हल केली’ म्हणून पोर्टा केबिनची वॉरंटी नाकारल्याबाबत

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
पुणे कार्यालय

नागपूर, दि. २१ जुलै

महोदय,

एप्रिलमध्ये मी तुमच्याकडून २० × १० फुटांची पोर्टा केबिन ₹२,८५,००० ला घेतली. काटोल रोडला आमची संत्र्याची बाग आहे, तिथे मुक्कामाला. ‘मिस्त्री नको, पाया नको, स्वतः बसवा’ ही तुमची जाहिरात मी खरी मानली. आज त्या केबिनचे दार लागत नाही, मागच्या पॅनेलचा सांधा उघडला आहे आणि तुमचा मेल म्हणतो, लेव्हल ग्राहकाने स्वतः केली म्हणून वॉरंटी लागू नाही. मग ती कोणी करायची होती?

तुमच्या पत्रकात लेव्हलबद्दल एवढेच आहे : सपाट, टणक जागेवर चार कोपऱ्यांना ब्लॉक ठेवून केबिन समतल करावी. शेजारच्या चित्रात पोकळ ब्लॉक आडवे, म्हणजे भोके बाजूला करून, दाखवले आहेत. असा ब्लॉक वजनाखाली चिरडतो, भोके वर-खाली हवीत. माझे दोन ब्लॉक फुटल्यावर मला हे कळले.

९ मे रोजी हायड्रा क्रेनने केबिन उतरवली. मे महिन्यात आमची काळी माती अशी असते की सब्बल मारली तर उसळून परत येते. टणक जागा म्हणजे हीच, असे वाटले. पारदर्शक नळीत रंगीत पाणी भरून कोपरे तपासले. नळीत बुडबुडा राहिला होता म्हणून अर्धा दिवस उलटेसुलटे आकडे येत राहिले, ती चूक माझी. नंतर सर्वांत उंच कोपरा धरून बाकीचे तीन कोपरे दोन बॉटल जॅकने थोडे थोडे उचलले आणि प्रत्येक वेळी खाली फळीचे पॅकिंग दिले. नुसत्या जॅकच्या भरवशावर केबिनखाली कोणीही हात घालू नये, हेही पत्रकात नाही. दोरी लावली तर केबिनच्या तळाचा २० फुटी लोखंडी चॅनेल मध्यभागी ११ मि.मी. झुकलेला. हेल्पलाइनवरचा मुलगा म्हणाला, “मध्ये सपोर्टची गरज नाही सर.” मी तरी दोन्ही बाजूंना मधे टेकू दिले. दार मग एका बोटाने लागत होते.

आमचा गडी तेव्हाच म्हणाला होता, “साहेब, कायी माती हाये हे. पाणी लागलं का फुगते.” त्याचे ऐकायला हवे होते. जूनअखेरीस दोन जोरदार पाऊस झाले. तुमच्या छताचा उतार मागच्या बाजूला आहे आणि तिथे पन्हाळ नाही, त्यामुळे छताचे सगळे पाणी मागच्या ब्लॉकांच्या पायाशीच पडते. मागची माती फुगली, केबिनच्या मधोमध खालची कोरडीच राहिली, आणि मागचा डावा कोपरा २८ मि.मी. वर आला. दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजले तर ९ मि.मी.चा फरक, म्हणजे चौकट तिरकी झाली.

उघाड मिळताच मी प्रत्येक टेकूखालची काळी माती दोन फूट काढून मुरूम भरून ठोकला, वर रुंद काँक्रीटचा पॅड दिला आणि पुन्हा लेव्हल केली. जॅक चिखलात रुतू नये म्हणून खाली लाकडी स्लीपर घातला. आता कोपऱ्यांच्या उंचीतला फरक ३ मि.मी.च्या आत आहे, पण वाकलेली चौकट आणि उघडलेला सांधा लेव्हलने सुधारत नाही.

विदर्भात केबिन विकताना काळी माती हा विषय पत्रकात नसावा, याचे मला नवल वाटते. इथे बऱ्याच शेतांत तीच आहे.

माझी मागणी : चौकट व मागचे पॅनेल विनामूल्य बदलून द्यावे, पन्हाळ बसवावी, आणि मुरूम, काँक्रीट व मजुरीचे ₹१४,६०० परत करावे. बिले आणि मोजमापांचे फोटो सोबत आहेत. ब्लॉकचे ते चित्र पत्रकातून काढा, ही मागणी नव्हे, विनंती.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवेन आणि नंतर नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. तुमचे कार्यालय पुण्यात असले तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहक राहतो तिथे तक्रार करता येते. माणूस पाठवणार असाल तर आधी फोन करा. पावसात बागेपर्यंत गाडी येत नाही, शेवटचा अर्धा किलोमीटर चालावे लागेल.

आपला,
एक ग्राहक
(नाव व बिल क्रमांक सोबतच्या प्रतीवर)