ना हरकत पत्राअभावी अडलेली पीएचडी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शैक्षणिक पुरवणीतील ‘पीएचडी की एमबीए’ ही चर्चा वाचली. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत, एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत चौदा वर्षे काढलेल्या माझ्यासारख्या एमएस्सीवाल्याला त्यात एक गोष्ट खटकली. या दोहोंतली निवड नोकरदाराच्याच हाती असते, असे तिथे धरून चालले होते.

खरेदी, विक्री, उत्पादन या विभागांत वर चढायचे तर एमबीए उपयोगी पडते, हे खरेच. परंतु नवा रेणू कोणत्या मार्गाने बनवायचा हे ठरवणाऱ्या खुर्चीवर बहुधा पीएचडी झालेली व्यक्ती बसते, आणि टीएलसीच्या (मिश्रणातले घटक वेगळे करून पाहण्याच्या चाचणीच्या) पट्ट्या सोडून दरपत्रके चाळण्यात मला रस नाही. जेआरएफची (कनिष्ठ संशोधकांसाठीची) दरमहा ३७ हजारांची पाठ्यवृत्ती घेऊन पूर्णवेळ संशोधन करण्याचे माझे वय उलटले; शिवाय घराचा हप्ता आहेच. तेव्हा उरली अर्धवेळ पीएचडी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांत तिची सोय आहे; मात्र अभ्यासाला पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी (पीएचडीच्या सक्तीच्या अभ्यासक्रमासाठी) कामातून मोकळे केले जाईल, असे मालकाचे ना हरकत प्रमाणपत्र त्यासाठी लागते.

माझा अर्ज मनुष्यबळ विभागाकडून विधी विभागाकडे, तिथून विभागप्रमुखांकडे आणि फिरून पहिल्या टेबलावर, असा आठ महिने हिंडला. दरम्यान विद्यापीठाच्या मुलाखतीत निवड होऊन मिळालेली माझी पीएचडीची जागा गेली. आणि कंपनीच्याच सूचनाफलकावर शनिवार-रविवारच्या एमबीएची निम्मी फी कंपनी भरेल, असे परिपत्रक लावलेले आहे. कंपनीच्या बसमध्ये मांडीवर केस स्टडीचे कागद घेऊन डुलक्या काढणारे दोन सहकारी मी रोज पाहतो. त्यांचा हेवा नाही. तेही कष्टच आहेत. प्रबंधातून गुपिते फुटतील ही कंपनीची भीतीही मी समजू शकतो, पण माझ्या विषयाचा आमच्या एकाही उत्पादनाशी संबंध नव्हता.

अशा अडलेल्यांनाच ‘घरबसल्या डॉक्टरेट’च्या जाहिराती गाठतात. परदेशी संस्थांच्या नावाने एडटेक (ऑनलाइन शिक्षण देणाऱ्या) कंपन्या विकत असलेल्या ऑनलाइन पीएचडीला मान्यता नाही, असा इशारा आयोग आणि एआयसीटीई (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद) यांनी २०२२ मध्येच दिला होता, तरी माझ्या फोनवर आठवड्याला एखादी जाहिरात येतेच.

आयोगाचा खासगी कंपन्यांवर अधिकार चालत नाही, हे मान्य. परंतु निवड झालेल्या नोकरदार उमेदवाराची जागा त्याचे पत्र येईपर्यंत निदान एक सत्र राखून ठेवणे विद्यापीठांना अवघड नसावे. आपण हा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोहोचवावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, बोईसर (जि. पालघर)